पार्लमेंटची गुप्त समिति आणि मुंबईकरांचें दप्तर

वडगांवच्या तहाविषयीं आमच्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. बोरघाट चढून आलेली मुंबईकरांची फौज, कार्ल्याजवळ पडलेला इष्टूर फाकडा, तळेगांवच्या तळ्यांत ढकललेल्या जड तोफा, रात्रीची माघार आणि १६ जानेवारी १७७९ चा करार, ही हकीकत मराठी वाचकांस लहानपणापासून पाठ असते. आम्हीं स्वतः ती तीसएक वर्षें वर्गांत सांगितली. एके वर्षीं एका मुलानें मध्येंच उठून विचारलें, “सर, एवढी नामुष्की झाल्यावर या लोकांना त्यांच्या घरीं कोणी जाब विचारला कीं नाहीं?” आम्हीं उत्तर दिलें कीं, कारनाक, एगर्टन व कॉकबर्न या तिघांस कंपनीनें नोकरींतून दूर केलें. मुलगा खालीं बसला. पण उत्तर अपुरें होतें हें आमचें आम्हांस कळलें होतें. धन्यानें चाकरास काढून टाकणें याला जाब विचारणें म्हणत नाहींत. खुद्द धन्यास कोणी विचारलें काय, हा खरा प्रश्न. आणि त्याचें उत्तर शोधण्यास आम्हांस निवृत्तीनंतरचा अवकाश लागला.

धन्यास विचारलें गेलें होतें. १७८१ सालीं लंडनच्या पार्लमेंटनें एक गुप्त समिति नेमिली, तिनें कंपनीचें दप्तर उलगडलें, आणि मुंबई, कलकत्ता व लंडन यांच्यामधील पत्रव्यवहार छापून सर्वांपुढें ठेविला. आमच्या इतिहासकारांनीं या छापील कागदांचा उपयोग केला आहे. ग्रँट डफनें तर १८२६ सालच्या आपल्या ग्रंथांत तो जागोजागीं केला. परंतु हे कागद बाहेर आले कसे, कोणीं व कां मागविले, आणि मागविणाराचा हेतु काय होता, याचा विचार कागद वापरणारे सहसा करीत नाहींत. तो येथें करावयाचा आहे.

आमच्या इकडे ‘कंपनी सरकार’ हा शब्द इतका रूढ झाला कीं, कंपनी ही मुळांत एक खासगी पेढी होती याचा विसर पडतो. १६०० सालच्या सनदेनें उभी राहिलेली ही व्यापाऱ्यांची मंडळी. तिचें भांडवल भागीदारांचें. ज्याचा भाग ५०० पौंडांचा त्यास सभेंत मत. आणि या भागीदारांनीं निवडलेले २४ डायरेक्टर लंडनच्या लेडनहॉल रस्त्यावरील कचेरींत बसून कारभार पाहात. (मताची मर्यादा १७७३ सालीं १००० पौंडांवर नेण्यांत आली.) दुकानदारास राजानें प्रश्न विचारावे हें कांहीं नवें नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्राच्या कण्टकशोधन नामक चौथ्या अधिकरणांत प्रथम कारागिरांपासून व लगेच पुढें वैदेहकांपासून, म्हणजे व्यापाऱ्यांपासून, प्रजेचें रक्षण कसें करावें हें सांगितलें आहे. वजनें, मापें, मालांतील भेसळ, संगनमतानें वाढविलेला भाव, सर्व कांहीं तेथें आहे. परंतु व्यापारीच परमुलखांत राजा होऊन बसला, तह करूं लागला, फौज ठेवूं लागला, तर त्यास कोणत्या मापानें मोजावें याचा विचार कौटिल्यास करावा लागला नव्हता. इंग्रजांच्या पार्लमेंटवर तो प्रसंग १७६५ नंतर आला. त्या वर्षीं कंपनीस बंगालची दिवाणी मिळाली.

पहिल्या खेपेस पार्लमेंटनें हा प्रश्न सावकाराप्रमाणें सोडविला. १७६७ सालीं कॉमन्स सभेनें कंपनीचे कागद मागविले. ते छापावयाचे असें निघतांच डायरेक्टर घाबरले; आमचा खासगी पत्रव्यवहार उघडा पडल्यास व्यापार बुडेल, असा अर्ज त्यांनीं केला. सनद म्हणजे आमची मालमत्ता, तींत हात घालणें म्हणजे इंग्रजाच्या घरांत शिरणें, हा कंपनीचा त्या वेळचा व पुढेंही कायम राहिलेला बचाव होय. शेवटीं कंपनीनें दरसाल ४,००,००० पौंड सरकारी तिजोरींत भरावे असें ठरून प्रकरण मिटलें. चौकशी ही अपराध शोधण्यासाठीं नव्हती. वांटा ठरविण्यासाठीं होती.

दुसरी खेप १७७२ ची. बंगालांत १७६९–७० चा भयंकर दुष्काळ होऊन गेला होता, लंडनच्या पेढ्या कोसळत होत्या, आणि शेंकडा १२॥ प्रमाणें नफा वांटणारी कंपनी सरकारच्या दारांत कर्ज मागत उभी राहिली. १३ एप्रिल १७७२ रोजीं कर्नल बर्गॉइन याच्या सूचनेवरून कॉमन्स सभेनें ३१ जणांची समिति नेमिली. (हाच बर्गॉइन पुढें १७७७ सालीं अमेरिकेंत साराटोगा येथें शरण गेला.) हिनें क्लाइव्हासारख्या माणसास समोर बसवून प्रश्न केले. मेंढरें चोरणाऱ्यास विचारावें तसें मला विचारलें जात आहे, अशी त्याची तक्रार होती; आणि मुर्शिदाबादचा खजिना डोळ्यांपुढें उघडा असतां आपण इतकें थोडकेंच घेतलें याचें आपल्यालाच नवल वाटतें, असें त्याचें उत्तर. समितीनें १७५७ पासून १७६५ पर्यंत बंगालच्या नबाबांकडून कंपनीच्या चाकरांनीं घेतलेल्या नजराण्यांची यादी केली. ती २१,६९,६६५ पौंडांची भरली, आणि क्लाइव्हाची जहागीर तींत धरलेली नाहीं. मे १७७३ मध्यें सभेनें काय केलें? क्लाइव्हानें २,३४,००० पौंड घेतले हें मान्य केलें, आणि त्यानें देशाची मोठी सेवा केली हेंही त्याच दमांत मान्य केलें. दुसरी एक गुप्त समिति त्याच वेळीं कंपनीचे हिशेब तपाशीत होती. कंपनीस १४,००,००० पौंडांचें कर्ज मिळालें. तें फिटेपर्यंत नफ्याची वांटणी शेंकडा ६ वर आली.

मराठ्यांच्या इतिहासाशीं या खेपेचा संबंध यापुढें लागतो. या चौकशीच्या पोटीं १७७३ चा नियामक कायदा जन्मास आला, आणि त्यानें मुंबई व मद्रास येथील कौन्सिलांस युद्ध व तह यांच्या बाबतींत कलकत्त्याच्या गव्हर्नर-जनरलाच्या आज्ञेखालीं आणलें. दोन अपवाद ठेविले: निकड असल्यास, किंवा कंपनीची लंडनहून खास आज्ञा असल्यास. हे दोन अपवाद वाचकांनीं लक्षांत ठेवावे. पुढील सर्व वाद त्यांभोंवतीं फिरतो.

मुंबईकरांस साष्टी व वसई हवी होती. ती मिळवावी असें लंडनच्या डायरेक्टरांस कित्येक वर्षें वाटत होतें, आणि त्यासाठींच १७७२ सालीं मॉस्टिन पुण्यास वकील म्हणून आला. मात्र बोलणें करून, मोबदला देऊन, असा त्यांचा रोख होता. नारायणरावाच्या वधानंतर पुण्यांत फूट पडली तेव्हां मुंबईकरांस धीर निघाला नाहीं. डिसेंबर १७७४ च्या अखेरीस त्यांनीं ठाण्याचा किल्ला चढून घेतला, आणि मार्च १७७५ मध्यें सुरतेस रघुनाथरावाशीं तह केला. २५०० माणसांची फौज कंपनीनें द्यावी, दादासाहेबांनीं दरमहा दीड लाख रुपये द्यावे, सहा लाखांचे जवाहीर गहाण ठेवावे, आणि साष्टी-वसई तोडून द्यावी, अशीं त्यांतलीं कलमें होतीं. पेढीचे मुनीम पेशवाईच्या गादीवर कोणीं बसावें हें गहाणखतानें ठरवूं लागले, असेंच याचें वर्णन करावें लागेल. कलकत्त्याची परवानगी कोणी घेतली नव्हती. वर्तमान कळतांच कलकत्त्याच्या कौन्सिलानें मुंबईस खरमरीत पत्र लिहिलें कीं, हें युद्ध अधिकाराबाहेरचें, अविचाराचें व अन्यायाचें आहे. लगेच अपटन पुण्याकडे निघाला व १ मार्च १७७६ रोजीं पुरंदरचा तह झाला.

येथवर नाना फडणिसाची बाजू व कलकत्त्याची बाजू एकच दिसते. परंतु ऑगस्ट १७७६ मध्यें लंडनहून डायरेक्टरांचें पत्र मुंबईस येऊन थडकलें, आणि त्यांत सुरतेच्या तहास संमति होती! समुद्रमार्गें पत्र पोंचण्यास सहा-सहा महिने, कधीं त्याहून अधिक लागत. त्यामुळें एक तह रद्द होऊन दुसरा झाल्यावर पहिल्याची शाबासकी आली. मुंबईकरांनीं तें पत्र ढालीप्रमाणें पुढें केलें. पुण्यांत सेंट लुबिन नांवाचा फ्रेंच मनुष्य १७७७ मध्यें येऊन राहिला हें निमित्त मिळालें, कलकत्त्यास वॉरन हेस्टिंग्जचें मत आतां मुंबईस अनुकूल झालें, आणि त्याचा परिणाम वडगांवांत झाला. वडगांवचा करार करणारांस तसा अधिकारच नव्हता, असें म्हणून मुंबईनें तो मोडला. फार्मर व स्टुअर्ट हे ओलीस मराठ्यांच्या हातीं राहिले.

एवढ्यावर हें प्रकरण लेडनहॉल रस्त्यावरच जिरलें असतें. तीन माणसांस काढलें, हिशेबांत तोटा लिहिला, संपलें. तें जिरलें नाहीं याचें कारण हैदर. मराठ्यांशीं युद्ध चालू ठेविल्यामुळें नानानें हैदर, निजाम व नागपूरकर भोसले यांस एकत्र आणण्याचें राजकारण केलें. जुलै १७८० मध्यें हैदर कर्नाटकांत उतरला आणि १० सप्टेंबर रोजीं पोलिलूर येथें बेलीची पलटण त्यानें बुडविली. हें वर्तमान एप्रिल १७८१ मध्यें लंडनला पोंचलें व महिना संपण्याच्या आंत, ३० एप्रिल रोजीं, गुप्त समिति नेमिली गेली. तिचें काम कर्नाटकच्या युद्धाचीं कारणें शोधण्याचें. परंतु कारणांचा माग काढतां काढतां ती मद्रासहून पुण्यास व पुण्याहून मुंबईच्या कौन्सिलच्या खोलींत येऊन पोंचली, हें अपरिहार्य होतें.

समितीचा अध्यक्ष हेन्री डंडास, स्कॉटलंडचा सरकारी वकील. वय चाळिशीच्या आंतबाहेर, फार हुशार, आणि वारा कोणीकडून वाहतो हें जाणणारा. ‘गुप्त’ या नांवानें वाचकांनीं फसूं नये. सभासद चिठ्ठ्यांनीं निवडले गेले व बैठका बंद दाराआड झाल्या एवढ्यापुरतेंच हें गुप्तपण होतें. समितीनें सहा अहवाल दिले, आणि त्यांच्या पोटांत परिशिष्टांच्या रूपानें कंपनीचीं पत्रें, कौन्सिलांचे ठराव, विरोधी सभासदांनीं लिहून ठेविलेलीं मतें, तहांचे मसुदे असे शेंकडों पृष्ठांचे कागद छापले. १७६७ सालीं जे कागद छापूं नयेत म्हणून कंपनी गयावया करीत होती, तसेच, किंबहुना त्याहून नाजूक कागद पंधरा वर्षांनीं तिच्या हातून गेले. या घटनेचें महत्त्व आम्हांस शिक्षेपेक्षां फार अधिक वाटतें.

कारण, या समितीची खरी करामत साक्षीदारास गोंधळविण्यांत नव्हती. कंपनीच्या नोकरांना जुन्या नियमाप्रमाणें प्रत्येक विचार, प्रत्येक मतभेद लिहून लंडनला पाठवावा लागे. व्यापारी पेढीची ही संवय. धनी सहा हजार कोसांवर, तेव्हां मुनिमानें ओळ न् ओळ कळवावी हें ठीकच. परंतु हा हिशेबीपणाच त्यांच्या अंगावर आला. मुंबई कलकत्त्यास काय म्हणाली, लंडनला काय म्हणाली, आणि स्वतःच्या कौन्सिलांत काय म्हणाली, हीं तीन पत्रें एकाखालीं एक ठेवलीं कीं प्रश्न विचारण्याचें कामच उरत नाहीं. निकड होती काय? साष्टी घेण्याची निकड म्हणून मुंबईनें सांगितलें तें पोर्तुगीजांचें भय. गोव्याहून आरमार येऊन ठाणें परत घेणार अशी आवई होती. लंडनची आज्ञा होती काय? इच्छा होती, आज्ञा नव्हती. आणि शाबासकी मागाहून आली. ज्या दोन अपवादांवर मुंबईकरांचा बचाव उभा होता, त्यांतील पहिला पातळ निघाला व दुसऱ्यानें दोष लंडनकडे ढकलला.

समिती याच ठिकाणीं अडखळली, असें आमचें मत आहे. मे १७८२ च्या अखेरीस डंडासच्या सूचनेवरून कॉमन्स सभेनें ठराव केला. वॉरन हेस्टिंग्ज व मुंबईचा अध्यक्ष विल्यम हॉर्नबी यांनीं राष्ट्राच्या लौकिकास व धोरणास विरुद्ध असें वर्तन करून हिंदुस्थानावर अनर्थ व कंपनीवर अतोनात खर्च आणला, सबब त्यांस परत बोलावण्याचे उपाय करणें हें डायरेक्टरांचें कर्तव्य आहे, असा त्याचा आशय होता. ठरावांत नांवें दोन, दोघेही नोकर. सुरतेच्या तहास ज्यांनीं संमति दिली त्या डायरेक्टरांकडे उलट न्यायाधीशपण सोंपविलें! ज्यानें चोरीचा माल ठेवून घेतला त्यासच चोर धरण्यास पाठवावें, तशांतला हा प्रकार झाला.

बरें, तेंही घडलें नाहीं. ऑक्टोबर १७८२ मध्यें डायरेक्टरांनीं हेस्टिंग्जला परत बोलाविण्याचें बहुमतानें ठरविलें. पण त्यांच्यावर भागीदारांची सभा होती. हेस्टिंग्जचा वकील मेजर स्कॉट आदल्या डिसेंबरापासून लंडनांत बसून मतें जुळवीत होता. भागीदारांचें म्हणणें असें कीं, कॉमन्स सभेचा ठराव म्हणजे एका सभेचें मत, कायदा नव्हे. आमच्या नोकरास ठेवावें कीं काढावें हें आम्ही पाहूं. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनीं डायरेक्टरांचा निर्णय मोठ्या मताधिक्यानें फिरविला. राष्ट्राच्या प्रतिनिधिसभेनें वर्षभर कागद चाळून काढलेला निष्कर्ष एका पेढीच्या भागीदारांनीं हात वर करून उडवून दिला, हें पाहून आजच्या वाचकासही आश्चर्य वाटेल. मध्यंतरीं लॉर्ड नॉर्थचें प्रधानमंडळ मार्चमध्यें गेलें होतें व त्यानंतरचा प्रधान रॉकिंगहॅम १ जुलै रोजीं वारला होता, हेंही ध्यानांत घेतलें पाहिजे. समितीच्या पाठीशीं उभें राहणारें सरकारच स्थिर नव्हतें. मद्रासचा माजी गव्हर्नर रंबोल्ड याजवर डंडासनें दंडाचें बिल आणलें, तें १७८३ मध्यें असेंच विरून गेलें. हॉर्नबी १७८४ च्या आरंभापर्यंत मुंबईच्या खुर्चीवर होता. त्याचें नांव पुढें वरळीच्या बांधास व कोटांतील मोठ्या रस्त्यास मिळालें. त्या रस्त्यास आतां दादाभाई नौरोजींचें नांव आहे, आणि दादाभाईंनीं १८७३ सालीं हिंदुस्थानच्या जमाखर्चाची चौकशी करणाऱ्या पार्लमेंटच्या समितीपुढें साक्ष दिली होती, एवढें जातां जातां सांगतों.

या सर्व विचारण्यांत मराठ्यांस कोणी कांहीं विचारलें काय? याचें उत्तर मोठें विलक्षण आहे. त्याच सुमारास रघुनाथरावानें पाठविलेले वकील लंडनांत होते: हनुमंतराव नांवाचा ब्राह्मण, आणि मणियार व त्याचा मुलगा हे पारशी. परक्या शहरांत त्यांचे हाल पाहून एडमंड बर्क यानें त्यांस आपल्या बेकन्सफील्डच्या घरीं नेलें, आणि ब्राह्मणाचें सोंवळें सांभाळावें म्हणून बागेंतील कांचघर स्वयंपाकास दिलें. बर्क हा १७८१ च्या आरंभीं नेमिलेल्या दुसऱ्या, म्हणजे निवडक समितीचा प्राण होता. कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाविरुद्ध आलेल्या अर्जांची चौकशी ती करीत होती. तिच्यापुढें हनुमंतरावास नेऊन त्याची साक्ष घेतली. पण ती हिंदूंच्या आचारधर्माविषयीं. ज्या माणसाच्या धन्यासाठीं साष्टी घेतली, सुरतेचा तह झाला, वडगांव घडलें, तो माणूस पार्लमेंटच्या घरांत उभा असतां त्यास विचारलें तें जातिधर्माचें! आम्हांस संस्कृताच्या अभ्यासामुळें आचारांचें महत्त्व कमी वाटतें असें नाहीं, आणि बर्कच्या सौजन्याविषयीं आम्हांस आदरच आहे. तरी ही गोष्ट मनास लागते. पुणें दरबारची बाजू मांडणारा तर तेथें कोणीच नव्हता.

तरीही ती बाजू मांडली गेली. हा या प्रकरणांतील खरा मुद्दा होय. साष्टी दग्यानें घेतली, सुरतेचा तह बंडखोराशीं केलेला म्हणून अवैध, पुरंदरचा तह मोडण्यास कारण नव्हतें, हें नाना फडणीस पहिल्यापासून सांगत होता. पुण्याच्या तक्रारीस लंडनांत कोणीं मान दिला असता? पण तीच गोष्ट कलकत्त्याच्या कौन्सिलाच्या पत्रांत इंग्रजी भाषेंत लिहिलेली होती, आणि समितीनें ती छापली. आज कोणी परदेशी लेखक मराठ्यांस विश्वासघातकी म्हणूं लागला, तर त्यास मराठी बखर दाखवावी लागत नाहीं. प्रतिपक्षाचेंच दप्तर पुरें पडतें.

मात्र या दप्तराच्या निःपक्षपातीपणावर आंधळा विश्वास ठेवणें हेंही संशोधकास शोभणार नाहीं. समितीस मराठ्यांवर अन्याय झाला कीं नाहीं हें ठरवावयाचें नव्हतें. खर्च कोणामुळें वाढला हें ठरवावयाचें होतें. ठरावांतील ‘अनर्थ’ हा शब्द ‘खर्च’ या शब्दाच्या शेजारीं बसला आहे, हा योगायोग नव्हे. ज्या साष्टीच्या अपहारापासून सर्व सुरू झालें ती परत करावी असें त्या ठरावांत कोठेंही नाहीं. शिवाय, परिशिष्टांतील पत्रें ही निवड आहे. अखंड दप्तर तें नव्हे. हेस्टिंग्जच्या विरोधकांचें मत ज्यांत ठळक उमटतें तीं पत्रें अशा चौकशींत पुढें येणार हें उघडच आहे. कलकत्त्याच्या कौन्सिलांत हेस्टिंग्जशीं भांडलेला व त्याच्याशीं द्वंद्वयुद्ध खेळलेला फिलिप फ्रान्सिस ऑक्टोबर १७८१ मध्यें लंडनास परतला, आणि बर्कच्या कानाशीं लागला. १७७५ चें जें खरमरीत पत्र आम्ही वर सांगितलें, त्याच्या मुळाशींही फ्रान्सिस व त्याचे दोन सोबती यांचें बहुमतच होतें. तेव्हां त्या पत्रांतील न्यायबुद्धि कितपत, आणि हेस्टिंग्जविषयींचा द्वेष कितपत, हें वेगळें करणें प्राप्त आहे. आमच्यापुरतें आम्ही म्हणतों कीं, द्वेषानें लिहिलेलें सत्य हें सत्यच असतें; पण तें द्वेषानें लिहिलें आहे हें टीपेंत लिहिलें पाहिजे.

बर्कच्या समितीचा जून १७८३ मधील नववा अहवाल या दृष्टीनें अधिक खोल आहे. पूर्वीं कंपनी माल घेण्यासाठीं इंग्लंडहून चांदी आणीत असे. दिवाणी मिळाल्यावर बंगालच्या वसुलांतूनच ती माल खरेदी करूं लागली, म्हणजे ज्या मुलखाचा माल त्याच्याच पैशानें घेऊं लागली. याला व्यापार म्हणतां येत नाहीं, ही खंडणी आहे, असा त्या अहवालाचा इत्यर्थ. दादाभाईंचें द्रव्यशोषणाचें विवेचन शंभर वर्षांनंतरचें. परंतु त्याचें बीज कंपनीची वही तपासणाऱ्या या समितीच्या पानांत सांपडतें.

गुप्त समितीच्या कामाचें एक फळ कायद्यांत उतरलें. हिंदुस्थानांत मुलूखगिरी करणें हें राष्ट्राच्या इच्छेस, लौकिकास व धोरणास विरुद्ध आहे, अशा अर्थाचा ठराव कॉमन्स सभेनें १७८२ मध्यें केला होता. तो १७८४ च्या पिटच्या कायद्यांत जवळजवळ त्याच शब्दांनीं आला. तो अंमलांत असतांच १८०२ चा वसईचा तह व १८०३ चें युद्ध झालें, हें मराठी वाचकांस सांगावयास नको. कंपनीवर देखरेख करण्यासाठीं त्याच कायद्यानें जें मंडळ निघालें, त्यांतील कर्ता पुरुष पुढें कित्येक वर्षें डंडासच होता. प्रश्न विचारणारा स्वतः कारभारी झाला कीं प्रश्न मऊ पडतात. हाच डंडास पुढें लॉर्ड मेल्व्हिल झाल्यावर सरकारी पैशाच्या अफरातफरीच्या आरोपावरून १८०६ सालीं लॉर्डांपुढें उभा राहिला व सुटला. हेस्टिंग्जही १७८८ पासून चाललेल्या खटल्यांतून १७९५ मध्यें सुटलाच होता.

तारखांचा एक विचित्र मेळ येथें नोंदवितों. सालबाईचा तह १७ मे १७८२ रोजीं झाला. लंडनमध्यें हेस्टिंग्ज व हॉर्नबी यांच्यावरील ठराव झाला तोही त्याच महिन्यांत. ज्या युद्धाबद्दल दोष द्यावयाचा तें युद्ध संपलें आहे हें दोष देणारांस ठाऊक नव्हतें, आणि आपल्या गव्हर्नर-जनरलास दोष दिला जाणार आहे हें तह करणाऱ्या अँडर्सनास व महादजीस ठाऊक नव्हतें. सालबाईच्या तहानें वसई मराठ्यांकडे परत आली, रघुनाथरावाचा पक्ष इंग्रजांनीं सोडला. साष्टी मात्र कंपनीकडेच राहिली. नानानें या तहावर लगेच शिक्का केला नाहीं. हैदर डिसेंबर १७८२ मध्यें वारल्यावर तें काम पुरें झालें. या मधल्या सहा-सात महिन्यांत लंडनच्या ठरावाची बातमी पुण्यास लागली असेल काय, व लागली असल्यास नानाच्या विलंबांत तिचा कांहीं भाग असेल काय, हें शोधण्याजोगें आहे. त्यासाठीं समितीच्या परिशिष्टांतील प्रत्येक पत्र पुणें दरबारच्या त्या त्या महिन्याच्या मराठी कागदांशेजारीं ठेविलें पाहिजे. आम्हीं हें काम आरंभिलें आहे. सुरतेच्या तहापासून पुरंदरच्या तहापर्यंतचीं पत्रें लावून झालीं असून, अपटनच्या वाटाघाटींसंबंधीं मराठी व इंग्रजी कागदांत जो फरक आढळला तो पुढील एखाद्या अंकीं सादर करूं.